विजेपेक्षा तांबे बरे : जीवाणू-घटांच्या शतकाचा मागोवा

विज्ञानाच्या इतिहासात असे काही शोध आढळतात, की ज्यांची दवंडी एका गुणासाठी पिटली गेली आणि ज्यांचा खरा उपयोग मात्र प्रथम कोणाच्या ध्यानीमनी नसलेल्या दुसऱ्याच गुणात निघाला. जीवाणूंकडून वीज मिळवण्याचा उद्योग याच वर्गातला आहे. गेल्या शंभराहून अधिक वर्षांत या उद्योगाने पुनःपुन्हा मोठी आशा उत्पन्न केली आणि तितक्याच वेळा ती मावळूही दिली. परंतु विजेच्या या गलबल्यात फारसे कोणाचे लक्ष नसताना त्याच जीवाणूंच्या साहाय्याने विषारी सांडपाण्यातले क्रोमियम आणि तांबे वेगळे होऊ लागले, आणि आज मागे वळून पाहता असे वाटते की, या सबंध प्रकरणाचा ताळेबंद वीजखात्यात न मांडता धातूखात्यात मांडणेच न्याय्य होईल.

प्रारंभ १९११ सालापासून धरावा लागतो. न्यूकॅसल येथील आर्मस्ट्राँग कॉलेजात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक असलेले मायकेल क्रेसे पॉटर यांनी त्या वर्षी रॉयल सोसायटीच्या कार्यवृत्तात एक निबंध प्रसिद्ध केला; सेंद्रिय द्रव्यांचे विघटन होताना विद्युत्-परिणाम घडतात की काय, हा त्याचा विषय. यीस्ट आणि कोलाय जातीचे जीवाणू ज्यात वाढवले आहेत अशा पोषक द्रावात एक प्लॅटिनमचा पत्रा व तशाच पण निर्जंतुक द्रावात दुसरा, अशी मांडणी करून दोन्ही पत्रे तारेने जोडले असता त्यांच्यात ०.३ ते ०.५ व्होल्टइतका दाब पॉटर यांना आढळला. वनस्पतिशास्त्रज्ञाने विद्युत्शास्त्राच्या अंगणात टाकलेले हे पाऊल समकालीनांना एक कौतुकाची गंमत वाटली असावी, कारण पुढची वीस वर्षे त्या वाटेने फारसे कोणी फिरकले नाही. १९३१ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील बार्नेट कोहेन यांनी असे अनेक घट एकापुढे एक जोडून ३५ व्होल्टपर्यंत दाब मिळवला. पण प्रवाह अवघा २ मिलिअँपिअर, म्हणजे शक्तीचा हिशेब केला तर ती एका वॅटच्या चौदाव्या हिश्श्याइतकी. व्होल्टचा आकडा भारदस्त आणि वॅटचा आकडा क्षुल्लक, ही या विषयाची जन्मजात खोड त्याच वेळी दप्तरी नोंदली गेली होती. नंतरच्या उत्साही मंडळींनी ते दप्तर वेळीच वाचले असते, तर पुढचे पुष्कळ कागद वाचले असते.

साठीच्या दशकात अंतराळवीरांच्या मलमूत्रापासून यानातच वीज निर्माण करावी या विचाराने अमेरिकेच्या अंतराळ संस्थेने या विषयाकडे काही काळ लक्ष पुरवले व मग तो मागे पडला. ऐंशीच्या दशकात लंडनच्या किंग्ज कॉलेजातील पीटर बेनेटो यांनी तो पुन्हा चिकाटीने हाती घेतला. मात्र त्यांच्या घटात जीवाणू आणि विद्युदग्र यांच्यामध्ये इलेक्ट्रॉनांची दलाली करण्यासाठी थायोनीनसारखे एखादे रंगद्रव्य घालावे लागे. हे रंगद्रव्य महागडे. वाहत्या सांडपाण्यात ते घालायचे तर रोज नव्याने घालावे लागणार आणि पाण्याबरोबर ते वाहूनही जाणार. त्यामुळे हा घट शाळांतल्या मुलांसाठी प्रयोगाचा संच म्हणून उत्तम ठरला, आणि त्या रूपाने तो विलायतेतल्या शाळांत गेलाही. सांडपाण्याच्या कारखान्यात जाण्याची सनद मात्र त्याला मिळाली नाही.

आता दुसरे दप्तर उघडू. धातू आणि जीवाणू यांच्या संबंधाची कथा याहून जुनी असून तिच्यात जीवाणू येतात ते प्रथम आरोपी म्हणून. खाणीतले लोह-गंधकाचे खनिज, म्हणजे पायराइट, हवा-पाण्याशी संबंध येताच सडते आणि त्यातून गंधकाम्ल पाझरू लागते, ही गोष्ट खाणवाल्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होती. परंतु १९४७ मध्ये अमेरिकेतील आर्थर कोल्मर आणि हिंकल यांनी असे दाखवून दिले की, या सडण्याला गती देणारा एक जीवाणू त्या आम्लधर्मी पाण्यातच सुखाने नांदत असतो व लोहाचे ऑक्सिडीभवन करून त्यावर आपला चरितार्थ चालवतो. एकदा आम्ल झाले की भोवतालच्या खडकातले जस्त, तांबे, कॅडमियम आणि आर्सेनिक पाण्यात उतरते, आणि खाण बंद होऊन तिचे मालक परागंदा झाले तरी हा व्यवहार शतकानुशतके चालू राहू शकतो. कॉर्नवॉलमधील व्हील जेन ही कथिलाची खाण १९९१ मध्ये बंद पडली, पंप थांबले, भूगर्भातले पाणी चढत गेले, आणि जानेवारी १९९२ मध्ये एका जुन्या बोगद्याचे तोंड फुटून कोट्यवधी लिटर धातुमिश्रित आम्लजल कार्नन नदीतून फालच्या खाडीत उतरले. खाडीचे पाणी नारिंगी झाले. त्या पाण्यावर पुढे चुन्याची मात्रा चालू करावी लागली.

त्याच १९९२ साली उत्तर समुद्रापलीकडे, नेदरलँड्समधील बुडेल येथील जस्ताच्या कारखान्यात, नेमका उलट प्रकार रीतसर सुरू झाला. मार्टिनस बायेरिंक या डच जीवाणुशास्त्रज्ञाने १८९५ मध्येच असे जीवाणू वेगळे करून दाखवले होते, की जे प्राणवायूऐवजी सल्फेटवर श्वसन करतात आणि कुजट वासाचा हायड्रोजन सल्फाइड वायू बाहेर टाकतात. हा वायू जस्ताच्या पाण्यात शिरला की जस्ताचे सल्फाइड होऊन तळाशी बसते, आणि जस्ताचे सल्फाइड म्हणजे तर ज्या खनिजापासून कारखाना जस्त काढतो तेच. बुडेलच्या कारखान्याखालील भूजल कैक वर्षांच्या उत्पादनाने जस्त आणि सल्फेट यांनी दूषित झाले होते. ते उपसून या जीवाणूंच्या टाकीतून फिरवायचे, त्यांना खाद्य म्हणून अल्कोहोल पुरवायचे आणि खाली बसलेला जस्ताचा साका पुन्हा कारखान्याच्या भट्टीत घालायचा, अशी ती व्यवस्था होती. तिच्यात वीज नव्हती, दिवा पेटत नव्हता, म्हणून वृत्तपत्रांना तिचे आकर्षण वाटण्याचे कारण नव्हते. पण प्रदूषण म्हणून खर्ची पडलेला धातू जमेच्या बाजूला परत येऊ शकतो, हे तत्त्व मोठ्या प्रमाणावर प्रत्यक्षात उतरलेले तेथे दिसले, आणि माझ्या मते या सबंध इतिहासातला तो सर्वांत कमी गाजलेला व सर्वांत भरीव टप्पा होय.

ही दोन दप्तरे एकत्र शिवली गेली ती एका चिखलामुळे. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्यात काम करणारे डेरेक लव्हली यांनी १९८७ मध्ये पोटोमॅक नदीच्या तळच्या गाळातून एक जीवाणू वेगळा केला, ज्याला पुढे जिओबॅक्टर मेटॅलिरेड्यूसेन्स असे नाव मिळाले. आणि पुढच्याच वर्षी केनेथ नीलसन आणि चार्ल्स मायर्स यांनी न्यूयॉर्क राज्यातील ओनायडा सरोवरातल्या अशाच एका जीवाणूचे वर्णन प्रसिद्ध केले, जो आज शेवानेला या कुळात गणला जातो. या दोन्ही जीवाणूंचे वैशिष्ट्य समजून घेण्यासाठी श्वसन म्हणजे काय, हे क्षणभर आठवावे लागेल. अन्नाचे विघटन होताना जे इलेक्ट्रॉन मोकळे होतात ते कोणाला तरी देऊन टाकल्यावाचून जीवमात्राचे चालत नाही. आपण ते श्वासातल्या प्राणवायूच्या हवाली करतो. गाळाच्या तळाशी प्राणवायू नाही, आहे तो लोहाचा गंज आणि मँगनीजची काळी पुटे. ती घनरूप असल्यामुळे पेशीत घेता येत नाहीत, म्हणून या जीवाणूंनी इलेक्ट्रॉन स्वतःच्या देहाबाहेर नेऊन गंजाच्या कणावर सोडण्याची तजवीज केलेली आहे. क्रोमेटसारख्या विरघळलेल्या धातूवर जीवाणू श्वसन करू शकतात, असे रोमानेंको आणि कोरेन्कोव्ह या सोव्हिएत शास्त्रज्ञांनी १९७७ मध्येच सांगितले होते. पण घन पदार्थावर, पेशीबाहेर श्वसन करणारा हा जीव म्हणजे निराळेच प्रकरण होते, कारण ज्याला गंजाचा कण चालतो त्याला ग्रॅफाइटची पट्टी का चालू नये, हा प्रश्न त्यातून आपोआपच उभा राहत होता.

मात्र प्रथम प्रयोग झाला तो युरेनियमवर. पाण्यात विरघळणारे षट्संयुजी युरेनियम हे जीवाणू चतुःसंयुजी करतात व मग ते विरघळत नाही, हे लव्हली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये दाखवले आणि पुढे कोलोरॅडोतील रायफल या गावी, युरेनियमच्या जुन्या गिरणीच्या जागेवर, भूजलात ॲसिटेट सोडून तिथल्या मूळच्याच जिओबॅक्टरांना पोसून पाहण्यात आले. काही आठवड्यांत जिओबॅक्टर माजले आणि पाण्यातले युरेनियम झपाट्याने उतरले. परंतु जवळचा गंज संपत येताच सल्फेटवर जगणाऱ्या जीवाणूंनी ॲसिटेटचा ताबा घेतला आणि युरेनियम पुन्हा चढू लागले. जमिनीत पोसलेल्या जीवाणूंवर आपला अंमल फार काळ चालत नाही, हा धडा तिथे मिळाला. म्हणूनच लव्हली यांच्याच प्रयोगशाळेतून २००५ मध्ये जो पर्याय पुढे आला तो मला अधिक अर्थपूर्ण वाटतो : खाद्य ओतण्याऐवजी विद्युदग्राकडून जीवाणूंना इलेक्ट्रॉन पुरवायचे, युरेनियम त्या विद्युदग्रावरच बसवायचे, आणि काम झाल्यावर ते विद्युदग्रासकट जमिनीतून उपसून काढायचे. विष कुठे आहे ते ठाऊक असणे ही सफाईतली अर्धी लढाई असते.

इकडे वीजखात्यात तोवर बहर आला होता. दक्षिण कोरियातील ब्युंग होंग किम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ च्या सुमारास शेवानेलाच्या घटातून रंगद्रव्याची दलाली साफ काढून टाकली. जीवाणू स्वतःच विद्युदग्राला इलेक्ट्रॉन देऊ लागले. २००२ मध्ये सागरतळाच्या गाळात रोवलेल्या ग्रॅफाइटवर जिओबॅक्टरचे भाऊबंद आपण होऊन गोळा होतात व वीज देतात, असे दिसून आले. २००४ मध्ये पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठातील ब्रूस लोगन आणि हाँग लिऊ यांनी प्रत्यक्ष घरगुती सांडपाणी एका कक्षाच्या घटातून फिरवून त्यातील सेंद्रिय भार ८० टक्क्यांपर्यंत कमी केला आणि वीजही मिळवली. तिचे प्रमाण विद्युदग्राच्या दर चौरस मीटरला २६ मिलिवॅट. २००५ मध्ये जिओबॅक्टरच्या अंगावरचे केसासारखे तंतू वीजवाहक असल्याचे जाहीर झाले व त्यांवर पुढे कडाक्याचा वाद माजला, मुंबईच्या आय.आय.टी.त शिकून येल विद्यापीठात गेलेले निखिल मालवणकर यांचा ज्यात प्रमुख वाटा होता अशा २०१९ च्या संशोधनाने हे तंतू लोहयुक्त सायटोक्रोम प्रथिनांच्या एकसंध रांगांचे असतात, असे दाखवून त्या वादाला वेगळेच वळण दिले. शास्त्र म्हणून हा सर्व भाग विलक्षण आहे. व्यवहार म्हणून त्याची परीक्षा २००७ मध्ये ऑस्ट्रेलियात झाली : ब्रिस्बेनजवळच्या याटला येथील फॉस्टर्सच्या मद्यनिर्मितीगृहात क्वीन्सलँड विद्यापीठाने ३ मीटर उंचीचे १२ घट उभारून सुमारे एक घनमीटर क्षमतेचा संच चालवला. प्रयोगशाळेतल्या पेलाभर घटाने जे दर चौरस मीटरचे आकडे दिले होते, ते घनमीटरभर संचाला पेलवले नाहीत. अंतर वाढले की पाण्याचा विरोध वाढतो, आणि घट एकापुढे एक जोडले की त्यांतला अशक्त घट बाकीच्यांची वीज गिळू लागतो. कोहेन यांच्या ३५ व्होल्टांची आठवण त्या वेळी कोणाला झाली की नाही, कोण जाणे.

आणि नेमक्या याच सुमारास, २००८ मध्ये, धातूंचे आणि विजेचे खाते एका घटात आले. चीनमधील दालियान येथील तंत्र विद्यापीठात लिपिंग हुआंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन कक्षांच्या घटात एका बाजूला जीवाणू आणि दुसऱ्या बाजूला षट्संयुजी क्रोमियमचे पाणी ठेवले. ही मांडणी जरा जवळून पाहण्यासारखी आहे. दोन काचेच्या कक्षांमध्ये एक पातळ पटल. डाव्या कक्षात, म्हणजे ॲनोडच्या बाजूला, ग्रॅफाइटच्या तंतूंवर जीवाणूंचा तांबूस-करडा बुळबुळीत थर, ज्याला हवा लागू द्यायची नाही व ज्याला ॲसिटेटचे अथवा सांडपाण्याचे खाद्य चालू ठेवायचे. उजव्या कक्षात, म्हणजे कॅथोडच्या बाजूला, आम्ल घालून सामू २ पर्यंत उतरवलेले क्रोमेटचे पिवळेजर्द पाणी. तार जोडली की डावीकडच्या जीवाणूंनी सोडलेले इलेक्ट्रॉन तारेने उजवीकडे येतात, तिथे क्रोमियम त्यांचा स्वीकार करून षट्संयुजीचे त्रिसंयुजी होते, आणि दिवसामागून दिवस ते पिवळे पाणी फिकटत हिरवट होत जाते. जीवाणूंना क्रोमियम भेटतच नाही. पटलाच्या अलीकडे ते सुरक्षित असतात. लिटरला १०० मिलिग्रॅम क्रोमियम असलेले पाणी या रीतीने १५० तासांत पूर्ण शुद्ध झाले, आणि दर चौरस मीटरला १५० मिलिवॅटपर्यंत वीज मिळाली. पुढल्या वर्षी जॉर्जिया टेकच्या पावलोस्टॅथिस यांच्या गटाने कॅथोडवरही जीवाणू बसवून हे काम आम्लाविना, साध्या सामूच्या पाण्यात करून दाखवले.

क्रोमियमच का, याचे उत्तर रसायनशास्त्राच्या कोष्टकात आहे. पंगतीत जसे काही पाहुणे वाढप्याची वाट न पाहता ताट पुढे करतात व काहींना यजमानाने जातीने आग्रह केल्याखेरीज घास उतरत नाही, तसाच धातूंचा इलेक्ट्रॉनांशी व्यवहार असतो, आणि कोणाची ओढ किती हे त्याच्या विद्युत् वर्चसावरून कळते. ॲसिटेट खाणारे जीवाणू सुमारे उणे ०.३ व्होल्ट पातळीला इलेक्ट्रॉन सोडतात. आम्लात षट्संयुजी क्रोमियमची पातळी अधिक १.३३ व्होल्ट, म्हणजे प्राणवायूच्याही वरची. चांदीची अधिक ०.८, तांब्याची अधिक ०.३४. या सर्वांकडे इलेक्ट्रॉन उताराने आपोआप जातात व वाटेत थोडी वीज देऊन जातात. शिसे उणे ०.१३ वर आणि निकेल उणे ०.२५ वर, म्हणजे उतार जवळजवळ संपलेला. कॅडमियम उणे ०.४ वर, आणि जस्त तर उणे ०.७६ वर, तिथे चढच लागतो आणि बाहेरून वीज पुरवावी लागते. स्वीडनमधील ऑस्कर मोदिन यांनी २०१२ मध्ये जाळलेल्या कचऱ्याच्या राखेतून धुऊन निघणाऱ्या पाण्याच्या धर्तीवर प्रयोगशाळेत कालवलेल्या द्रावणावर हाच क्रम लावून तांबे, शिसे, कॅडमियम आणि जस्त एकामागून एक वेगळे केले. त्यात तांबे तेवढे आपखुशीने आले. तेव्हा जीवाणू-घट हा सर्व धातूंवर एकच रामबाण उपाय आहे आणि वर तो वीजही देतो, असे जे सरसकट सांगितले जाते, त्याला शास्त्राचा आधार नाही. वीज देणारे धातू थोडे आहेत. वीज घेणारे पुष्कळ.

तांब्याचा प्रयोग नेदरलँड्समधील वाखेनिंगेन येथे २०१० मध्ये आनेमिक तर हाइनं यांच्या गटाने केला आणि या शतकाच्या इतिहासातले सर्वांत बोलके चित्र मला त्यातच दिसते. ग्रॅफाइटच्या कॅथोडवर तांबे विष म्हणून नव्हे, गाळ म्हणून नव्हे, तर लालसर शुद्ध स्फटिकांच्या रूपात बसले. पाण्यातले ९९ टक्क्यांहून अधिक तांबे निघाले, आणि कॅथोडला हवा लागू न देता दर चौरस मीटरला ०.४३ वॅट वीज मिळाली. वीज मिळाली खरी. पण तिचा जमाखर्च एकदा मांडून पाहावा. एक किलो तांबे कॅथोडवर बसवायला सुमारे ८४४ अँपिअर-तास विद्युत्-भार लागतो, घट ०.३ व्होल्ट दाबाने चालला असे धरले, तर तेवढ्यात एकूण वीज निर्माण होते ती पाव युनिट. पाव युनिट विजेची किंमत दोन-तीन रुपयांपलीकडे जात नाही आणि एक किलो तांब्याची किंमत शेकड्यांत मोजावी लागते. उलट, तांबे विजेने उतरवण्याच्या नेहमीच्या रीतीत किलोमागे सुमारे दोन युनिटे खर्ची पडतात. म्हणजे या व्यवहारातला नफा दिव्यात नसून, खर्च न झालेल्या दोन युनिटांत आणि हाती आलेल्या धातूत आहे; जीवाणूंनी त्यासाठी मागितले काय, तर गटारात एरवी फुकट वाहणाऱ्या सेंद्रिय द्रव्यातला, सी.ओ.डी.च्या (रासायनिक प्राणवायू-मागणीच्या) मापाने, पाव किलोचा वाटा. क्रोमियमचेही तेच. लिटरला १०० मिलिग्रॅम असलेल्या पाण्यात एक किलो क्रोमियम सापडायला १०,००० लिटर पाणी लागते, आणि घट अर्ध्या व्होल्टने चालला तर त्या सगळ्या पाण्यातून युनिटभरही वीज हाती पडत नाही.

हा हिशेब ज्यांना लागू करायचा, ते आपल्याकडचे कारखाने मोठे नाहीत. भोसरी-चिंचवडच्या औद्योगिक वसाहतीत मुलामा देण्याचे, म्हणजे प्लेटिंगचे, जे लहान-लहान कारखाने आहेत, त्यांतल्या एखाद्यात क्रोमच्या टाकीजवळ उभे राहावे. टाकीत लिटरला सुमारे अडीचशे ग्रॅम क्रोमिक आम्लाचे गडद तांबडे द्रावण; कामगार जिगवर लटकवलेल्या वस्तू त्यातून वर काढतो, त्या क्षणभर निथळतात न निथळतात तोच पुढच्या धुण्याच्या टाकीत बुडवतो, आणि प्रत्येक जिगबरोबर वाहून आलेल्या थेंबांनी ते स्वच्छ पाणी पिवळे होत जाते. कामगाराने जिग आणखी काही सेकंद निथळू दिली तर पिवळेपणा निम्म्याने कमी होईल. पण मजुरी नगांवर असते, सेकंदांवर नसते. हे पाणी मग प्रक्रियेच्या टाकीत जाते. तिथे आम्ल आणि सोडियम मेटाबायसल्फाइट घालतात, गंधकाच्या वायूचा नाकाला झोंबणारा वास सुटतो, पिवळे पाणी अर्ध्या तासाच्या आत हिरवे होते. मग चुना घालतात, हिरवट-करड्या गुठळ्या तळाशी बसतात, फिल्टर प्रेसमधून त्यांच्या ओलसर वड्या पडतात, आणि पोत्यांत भरलेला तो स्लज, घातक कचरा म्हणून दर टनाला पैसे मोजून, रांजणगावच्या वा तळोज्याच्या भूभरावात पोचता केला जातो. पाण्यात षट्संयुजी क्रोमियम लिटरला ०.१ मिलिग्रॅमहून अधिक नसावे, हे कायद्याचे फर्मान असे पाळले जाते. पाण्यातले विष जमिनीत गेले. कागदोपत्री मामला बेबाक. ज्या क्रोमियमसाठी कारखानदाराने एकदा पैसे मोजले, ते टाकून देण्यासाठी तो दुसऱ्यांदा पैसे मोजतो, आणि मेटाबायसल्फाइट व चुना यांचे पैसे तिसऱ्यांदा.

या दप्तरात आपल्या लोकांचाही हात आहे. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत किशोर पाकणीकर यांनी नव्वदच्या दशकात, विजेचा संबंध न आणता, धातू शोषून घेणारे व सायनाइडचे विघटन करणारे सूक्ष्मजीव मुलाम्याच्या सांडपाण्यावर वापरण्याचे काम केले. खडगपूरच्या आय.आय.टी.त मकरंद घांगरेकर यांच्या गटाने घटाच्या किमतीचाच प्रश्न हाती घेतला. दोन कक्षांमधले परदेशी पटल हा या घटातला फार महाग भाग. त्याऐवजी कुंभाराचे मातीचे मडकेच आडपडदा म्हणून वापरून त्यांनी २०१० मध्ये भातगिरणीच्या सांडपाण्यावर प्रयोग केला, तेव्हा मडक्याच्या घटाने पटलाच्या घटापेक्षा सुमारे चौपट वीज दिली. विलायतेत पटलावर शेकडो निबंध लिहिले जात असताना मडके पुढे करायला जे धैर्य लागते, ते मला त्या चौपट आकड्यापेक्षा अधिक मोलाचे वाटते. मात्र मडक्यातून धातूही झिरपतो. क्रोमियमसारख्या विषापासून जीवाणूंचे रक्षण करायचे झाले तर मडक्याची परीक्षा निराळी आणि अधिक कडक घ्यावी लागेल.

अडचणी लपवण्यात अर्थ नाही. मेटाबायसल्फाइट जे काम अर्ध्या तासात करते त्याला २००८ च्या घटाने सहा दिवस घेतले. त्रिसंयुजी क्रोमियम सामू चढताच हायड्रॉक्साइड होऊन कॅथोडवरच पुटे धरते व घट मंदावतो; शिवाय क्रोमियम तांब्यासारखे धातुरूपाने उतरतच नाही, म्हणजे त्याच्याबाबत गाळ टळत नाही, फक्त रसायने टळतात. खऱ्या सांडपाण्यात तेल असते, साबण असतो, सायनाइड असते, एकाऐवजी पाच धातू असतात, आणि रविवारी कारखाना बंद असताना जीवाणूंना जेवायला घालणारा माणूस नसतो. यावरून माझा निर्णय असा, की क्रोमियमच्या बाजूला जीवाणू-घटाला फार तर जोडकाम मिळेल. त्याची खरी जागा तांब्याचे, चांदीचे आणि मुद्रित परिपथांच्या पाट्या कोरणाऱ्या कारखान्यांचे जे पाणी आहे तिथे, जिथे पाणी आधीच आम्लधर्मी असते, धातू मोलाचा असतो व तो धातुरूपानेच परत येतो. शहराचे मैलापाणी आणि औद्योगिक वसाहतीचे तांब्याचे पाणी ज्या गावात एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर वाहते, तिथे दोन्ही पाणी एका घटाच्या दोन कक्षांतून फिरवून पाहण्यासारखी जागा शोधायला फार लांब जावे लागणार नाही.

वाचकांपैकी जे कारखानदार, अभियंते किंवा महाविद्यालयांतले अध्यापक असतील त्यांना एक विनंती. तुमच्याकडे कोणी जीवाणू-घट घेऊन आला आणि त्यावर मिणमिणणारा दिवा दाखवू लागला, तर दिवा बाजूला ठेवून त्याला दोनच गोष्टी विचाराव्यात : घटात फिरवलेले पाणी कारखान्याच्या टाकीतले होते की प्रयोगशाळेत कालवलेले, आणि कॅथोडवरून महिन्याकाठी किती ग्रॅम धातू खरवडून निघाला. दोन्ही उत्तरे लेखी घ्यावीत.